ट्रेलरचे ब्रेक सकाळी गोठलेले असतात, लाइनमध्ये अल्कोहोल ओतू का?

पत्र असं आलंय: "दादा, मी ट्रेलर चालवतो, थंड भागातला हा माझा दुसराच हिवाळा. रात्री पारा उणे २०च्या खाली जातो. गेल्या आठवड्यात सकाळी गाडी हलवली तर ट्रेलरची डावीकडची मागची चाकं फिरेचनात, नुसती बर्फावरून घसरत मागे येत होती. परवा वेगळंच झालं, ट्रेलरचा ब्रेक सोडायचा लाल नॉब आत दाबला तरी ट्रेलरची सगळीच चाकं जाम. जुने ड्रायव्हर म्हणतात लाल लाइनमध्ये अल्कोहोल ओत. एक जण म्हणाला टॉर्च लाव. मालक म्हणतात ओढ तसाच, रस्त्यात सुटेल. मी नक्की कोणाचं ऐकू आणि हे रोज होऊ नये म्हणून काय करू?"

भाऊ, तुम्ही दोन दिवसांचे दोन प्रकार वेगवेगळे लिहिलेत ते फार बरं केलंत, कारण हे खरंच दोन वेगळे आजार आहेत आणि लोक दोघांना एकच औषध देतात म्हणून सगळा घोळ होतो. पहिल्या दिवशी बर्फ बाहेर होता, ब्रेक शू (ब्रेक लावल्यावर दाबला जाणारा भाग) आणि चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमच्या मधे. दुसऱ्या दिवशी बर्फ आत होता, हवेच्या लाइनमध्ये किंवा वॉल्व्हमध्ये. शू ड्रमला चिकटला असेल तर लाइनमध्ये बाटलीभर अल्कोहोल ओतून काय होणार, ते तिथे पोचतच नाही. आणि वॉल्व्ह गोठला असेल तर ड्रमवर हातोडा मारून काही उपयोग नाही. त्यामुळे आधी बघायचं की एखाददुसरं चाक अडकलंय की सगळा ट्रेलर अडकलाय. एक-दोन चाकं अडकली तर बहुतेक वेळा शू चिकटलाय, सगळी अडकली तर हवा पोचत नाहीये असं धरून चाला.

पहिला प्रकार कसा होतो बघा. दिवसभर तुम्ही चिखल-बर्फातून येता, ब्रेक गरम असतात, त्यावर उडालेला बर्फ वितळतो आणि लायनर, म्हणजे शूवरचं घासणारं अस्तर, ओले होतात. तसेच येऊन तुम्ही पार्किंग ब्रेक लावता, म्हणजे ओला शू ओल्या ड्रमवर स्प्रिंगच्या पूर्ण ताकदीने दाबून ठेवता आणि मग रात्रभर थंडी. सकाळी हवा भरली, स्प्रिंग मागे गेली, पण शू जागचा हलत नाही.

अशा वेळी आधी हवा पूर्ण भरू द्या, घाई नको. मग ब्रेक सोडून अगदी हळू थोडं मागे, थोडं पुढे असं करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच कट् आवाज येऊन सुटतं. क्लच सोडून धक्के मारत बसू नका, त्यात गाडीचं ड्राइव्हलाइन मोडेल. आणि चाक खरंच फिरतंय का ते डोळ्यांनी बघा, कारण बर्फावर अडकलेलं चाक आवाज न करता घसरत येतं, केबिनमध्ये बसून कळत नाही. टायरच्या बाजूला खडूने एक रेघ मारून ठेवा आणि आरशातून ती रेघ फिरते का बघा, किंवा कोणालातरी लांब बाजूला उभं करून दाखवायला सांगा.

नाहीच सुटलं तर खाली जावं लागेल, पण जायच्या आधी जमीन सपाट आहे ना ते बघा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, पुढच्या ट्रकचा पार्किंग ब्रेक लावलेला ठेवा आणि ट्रेलरचा सोडलेला. बहुतेक गाड्यांत ट्रकच्या पार्किंगचा पिवळा नॉब बाहेर आणि लाल आत असं ठेवता येतं, म्हणजे शूवर स्प्रिंगचा जोर राहत नाही. इंजिन बंद, चावी तुमच्या खिशात. मग शूच्या लोखंडी भागावर हातोड्याने ठोका, लायनरवर नाही आणि ड्रमच्या कडेवर तर अजिबात नाही. ड्रम बिडाचा असतो आणि कडाक्याच्या थंडीत बीड जोराच्या घावाने तडकू शकतं. तडकलेला ड्रम घेऊन उतारावर जाणं म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. डिस्क ब्रेक असतील तर डिस्कवर हातोडा चालवूच नका, तिथे हळू पुढे-मागे करणं आणि गरम हवा एवढंच.

टॉर्चबद्दल माझं मत सरळ आहे, नाही म्हणजे नाही. तिथे हबचं सील आहे, ग्रीस आहे, रबराच्या आणि नायलॉनच्या नळ्या आहेत आणि शेजारी हवा भरलेला टायर आहे. रिमजवळ ज्वाला लागली तर टायर आतून तापतो आणि तो फुटला की जवळच्या माणसाचं काही राहत नाही, तो लगेच फुटेल असंही नाही, नंतरही फुटतो. गरम पाणी ओतणारेही आहेत, त्याने दोन मिनिटं बरं वाटतं आणि मग तेच पाणी आणखी घट्ट गोठतं.

मालकांचं "ओढ तसाच" हेही चालणार नाही. बर्फ संपून कोरडा रस्ता लागला की न फिरणारा टायर एकाच जागी घासतो आणि बघता बघता तिथे सपाट होतो, पुढे फुटतोही. शिवाय एकाच बाजूची चाकं लॉक असतील तर निसरड्यावर ट्रेलर मागून बाजूला जायला लागतो आणि तो एकदा निघाला की सावरणं तुमच्या हातात राहत नाही. मालकांना नीट समजावून सांगा की अर्धा तास उशीर झाला तर चालेल, पण टायर गेला किंवा ट्रेलर आडवा झाला तर सगळा दिवस जाईल आणि कदाचित बरंच काही.

हे होऊ नये म्हणून संध्याकाळी गाडी लावायच्या आधीच्या शेवटच्या एक-दोन किलोमीटरमध्ये, मागे-पुढे कोणी नाही बघून, ब्रेक अगदी हलका काही वेळा लावा, म्हणजे लायनर कोरडे होतात. फार तापवायचे नाहीत, नाहीतर उभ्या गाडीवर पडलेला बर्फ पुन्हा त्यांच्यावरच वितळेल. उभी करताना चिखल-बर्फाच्या डबक्यात उभी करू नका. गाडी धुतली असेल तर धुतल्या धुतल्या लावून ठेवू नका, एक फेरी मारून मग लावा. काही लोक रात्री ट्रेलरचा ब्रेक सोडून ठेवतात, म्हणजे शू ड्रमपासून लांब राहतो. मी हे रस्त्याच्या कडेला करायला कधीच सांगणार नाही. जागा एकदम सपाट, यार्डाच्या नियमात बसत असेल, ठोकळे पक्के, पुढचा ट्रक जोडलेला आणि त्याचा पार्किंग ब्रेक लावलेला, एवढं सगळं असेल तरच. आणि तेव्हाही लक्षात ठेवा की रात्रभरात हवा हळूहळू उतरते आणि प्रेशर पुरेसं खाली गेलं की ट्रेलरचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतातच. फायदा एवढाच की तोपर्यंत शू थंड आणि बऱ्यापैकी कोरडा झालेला असतो.

आता दुसरा प्रकार, जो मला जास्त काळजीचा वाटतो.

कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, त्या हवेत वाफ असतेच. हवा दाबली की तापते, पुढे जाऊन थंड झाली की त्या वाफेचं पाणी होतं. एअर ड्रायर त्यातलं बरंचसं पकडतो, जे सुटतं ते टाक्यांमध्ये उतरतं, आणि टाकीत साठलं तर पुढे ट्रेलरपर्यंत जातं. ट्रेलरला दोन लाइन जातात. लाल लाइन ट्रेलरची टाकी भरते आणि त्याच हवेने पार्किंगच्या स्प्रिंग मागे दाबून धरलेल्या असतात, त्या पूर्ण सुटायला साधारण ६० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) लागतात. निळी लाइन तुम्ही पेडल दाबता तेव्हाचा निरोप मागच्या रिले वॉल्व्हला (त्या निरोपावर टाकीतली हवा ब्रेकला सोडणारा वॉल्व्ह) पोचवते. लाल लाइनमध्ये बर्फाचा बोळा बसला तर हवाच पोचत नाही आणि ट्रेलर जागचा हलत नाही, परवा तुमचं बहुधा हेच झालं. हवा गेली की ब्रेक लागला पाहिजे ही कल्पना जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८७२ साली रेल्वेच्या ब्रेकसाठी आणली आणि आजही ट्रेलर त्याच तत्त्वावर चालतो. म्हणजे परवा तुम्हाला त्रास झाला, उशीर झाला, पण ब्रेकने त्याचं काम केलं.

खरी भीती निळ्या लाइनची आहे. ती गोठली, किंवा रिले वॉल्व्ह गोठला, तर ट्रेलर छान सुटतो, गाडी मस्त ओढते, काही वेगळं वाटत नाही, फक्त पेडल दाबलं की ट्रेलरला ब्रेक लागत नाही. सगळा भार पुढच्या ट्रकच्या ब्रेकवर येतो आणि मागचा ट्रेलर ढकलत येतो. हे कळतं कधी, तर उतारावर किंवा वळणावर. म्हणून जो ट्रेलर हलत नाही त्याच्यापेक्षा जो सहज हलतो त्याची तपासणी मी जास्त मनापासून करायला सांगेन. रोज सकाळी निघायच्या आधी लाल नॉब आत, ट्रेलरचा हँड वॉल्व्ह (केबिनमधून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचा दांडा) लावा आणि खालच्या गिअरमध्ये हलकेच ओढून बघा, गाडी अडली पाहिजे. हँड वॉल्व्ह सोडा, लगेच मोकळी झाली पाहिजे. सोडल्यावरही मागे ओढल्यासारखं वाटत असेल तर रिले वॉल्व्हचं हवा बाहेर सोडणारं तोंड गोठलेलं असू शकतं, तसं गेलात तर ब्रेक घासत घासत तापतील. मग लाल नॉब बाहेर काढून परत एकदा ओढून बघा, पार्किंग धरतंय का. हँड वॉल्व्ह नसेल तर कोणाला ट्रेलरजवळ पण चाकांपासून लांब उभं करा आणि पेडल दाबून-सोडून मागे फुस्स ऐकू येतं का विचारा, आणि मग यार्डातच चालण्याच्या वेगाने ब्रेक मारून बघा.

परत असं सगळंच जाम झालं तर पुढून मागे शोधत या. पहिलं गेज. १०० पीएसआयच्या वर प्रेशर चढतच नसेल आणि गाडीखाली सतत हवा जात असेल तर एअर ड्रायरचा पर्ज वॉल्व्ह (साठलेलं पाणी बाहेर टाकणारा) उघडाच गोठलाय का बघा, त्याला छोटा इलेक्ट्रिक हीटर असतो, तो बंद पडलेला किंवा फ्यूज गेलेला असतो. प्रेशर ठीक असेल तर ठोकळे लावून, पार्किंग लावून, लाल नॉब बाहेर काढून लाल लाइनचं ग्लॅडहँड, म्हणजे ट्रक आणि ट्रेलरच्या हवेच्या नळ्या जोडणारा सांधा, सोडा. डोळ्यांवर चष्मा हवा आणि नळीचं तोंड कोणाकडेही नको, नळी घट्ट धरा, मग केबिनमधल्या माणसाला नॉब दोन-तीन सेकंद दाबायला सांगा. जोरात हवा आली तर पुढचा ट्रक बरा आहे, अडथळा ट्रेलरमध्ये आहे. हवा आलीच नाही किंवा सुस्कारा टाकल्यासारखी आली तर अडथळा पुढे, ट्रकच्या बाजूला.

ट्रेलरमध्ये असेल तर बहुतेक वेळा टाकीजवळच्या स्प्रिंग ब्रेक वॉल्व्हमध्ये पाणी गोठलेलं असतं. त्याला गरम हवा द्या, हीट गन असेल तर लांबून आणि हलवत हलवत, किंवा सगळ्यात चांगलं म्हणजे ट्रेलर काही तास गरम शेडमध्ये नेऊन ठेवणं. आणि इथे सगळे चुकतात ते म्हणजे वॉल्व्ह सुटला की "झालं" म्हणून निघून जातात. अहो, बर्फाचं पाणी झालंय फक्त, ते पाणी अजून आतच आहे, आज रात्री परत तिथेच गोठेल. त्यामुळे सुटल्या सुटल्या, सगळं गरम असतानाच, ट्रेलरच्या टाक्यांचे कॉक उघडून पाणी पूर्ण काढायचं, तेव्हाच ते काम झालं.

अल्कोहोलचं आता सांगतो. जुने ड्रायव्हर खोटं बोलत नाहीत, ड्रायर नसलेल्या जुन्या गाड्यांत लाइनमध्ये अल्कोहोलची वाफ सोडणारं यंत्रच बसवलेलं असायचं आणि त्यावर कित्येक हिवाळे निघाले. पण आजच्या गाडीत ड्रायर आहे, एबीएसचे वॉल्व्ह आहेत, बारीक सील आणि ओ-रिंग आहेत. एअर ब्रेकसाठी म्हणून जे मिळतं ते बहुतेक मिथेनॉलचं असतं, ते वॉल्व्हमधलं वंगण धुऊन काढतं, रबर सुकवतं, आणि ड्रायरमधून गेलं तर आतले ओलावा शोषणारे दाणे खराब करतं. म्हणजे आज सुटलं पण पुढच्या महिन्यात वॉल्व्ह गळायला लागला आणि गळती झाली की अजून पाणी. तर माझं म्हणणं, रोजच्या वापरात अजिबात नको. आडरानात अडकलात, गरम शेड नाही, मदत नाही, जिवाला थंडीचा धोका आहे, अशा वेळी एअर ब्रेकसाठीच असलेली बाटली, तिच्यावर लिहिलंय तेवढंच, ट्रेलरच्या लाल ग्लॅडहँडमध्ये टाका, वॉल्व्ह मोकळा झाला की वर सांगितलेली ओढून बघायची तपासणी पूर्ण करूनच निघा, आणि पोचल्यावर वर्कशॉपला सांगा की टाकलंय, म्हणजे ते टाक्या काढून सील बघतील. काच पुसायचं पाणी, डिझेलचं ॲडिटिव्ह, कूलंट, असलं काहीही कधीच नाही. आणि मिथेनॉल विष आहे, पटकन पेटतं, त्याची ज्वाला उजेडात नीट दिसतही नाही, हातमोजे घाला आणि जवळ विडी-सिगारेट नको.

रोज करायची गोष्ट त्यापेक्षा साधी आहे, टाक्यांचं पाणी काढणं. ते संध्याकाळी काढा, गाडी थांबल्या थांबल्या, ठोकळे लावून, टाक्या अजून उबदार असताना. सकाळी काढायला गेलात तर पाण्याचा बर्फ झालेला असतो आणि कॉक उघडून काहीच येत नाही. हीच एक खूण पण आहे, गेजवर प्रेशर दिसतंय आणि कॉक उघडला तरी हवासुद्धा येत नाहीये म्हणजे तोंडाशी बर्फ बसलाय. आधी कॉम्प्रेसरच्या बाजूची पहिली टाकी, मग बाकीच्या, आणि मग ट्रेलरच्या. ट्रेलरच्या टाक्या लोक विसरतात, कारण त्यासाठी वाकून खाली जावं लागतं, आणि पाणी शेवटी जाऊन बसतं तिथेच. जे बाहेर येतं ते बघा जरा. चार थेंब आले तर ठीक. वाटीभर पाणी आलं तर ड्रायरचं कार्ट्रिज (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा डबा) संपलंय. दुधाळ, तेलकट आलं तर कॉम्प्रेसर तेल टाकतोय आणि तेल लागलेलं कार्ट्रिज पाणी धरत नाही, मग नुसतं कार्ट्रिज बदलून भागणार नाही, कॉम्प्रेसरही बघावा लागेल. लांब पल्ल्याच्या गाडीचं कार्ट्रिज साधारण २-३ वर्षं जातं, सारखं थांबत-निघत काम असेल तर त्याहून लवकर, आणि बदलायचंच असेल तर थंडी सुरू व्हायच्या आधी बदला.

प्रेशर १२०-१३५ पीएसआयच्या आसपास पोचलं की ड्रायर जोरात फस्स करून पाणी बाहेर टाकतो, तो आवाज रोज ऐकायची सवय लावा, थंडीत तो आला नाही तर हीटरकडे बघा.

गळतीचा आणि गोठण्याचा संबंध फार कोणी लक्षात घेत नाही. कुठेतरी हवा गळत असेल तर कॉम्प्रेसर सारखा चालतो, सारखी नवी ओली हवा आत येते आणि ड्रायरला स्वतःला सुकवायला वेळच मिळत नाही. अमेरिकेत ट्रेलरचं कमर्शियल लायसन्स काढताना जी तपासणी करून दाखवावी लागते ती इथे कामाची आहे, इंजिन बंद, ब्रेक सोडलेले, तर ट्रक आणि ट्रेलर मिळून मिनिटाला ३ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये, आणि पेडल दाबून धरल्यावर ४ पीएसआयपेक्षा जास्त नाही. यापेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा, पण ते गरम शेडमध्ये. पहिला संशय ग्लॅडहँडच्या रबरी सीलवर घ्या, थंडीत ती कडक होतात आणि चिरतात, एक जोडी केबिनमध्ये ठेवा. आणि ट्रेलर सोडला की ग्लॅडहँडची तोंडं उघडी लटकत ठेवू नका, त्यात बर्फ भरतो आणि पुढच्या जोडणीला तुम्हीच तो हवेने आत ढकलता. जोडायच्या आधी आत बघा, आपटून झटका, मग लावा.

बाकी एस-कॅम (शू ड्रमवर दाबणारा दांडा) आणि स्लॅक ॲडजस्टर (तो दांडा फिरवणारा हात) यांना थंडीच्या आधी भरपूर ग्रीस, ब्रेक चेंबरच्या खालची पाणी जायची भोकं मोकळी आणि मागचं प्लॅस्टिकचं बूच जागेवर, एवढं वर्कशॉपला सांगून करून घ्या. स्प्रिंगच्या चेंबरचा क्लॅम्प मात्र स्वतः कधीही सोडू नका, आतली स्प्रिंग माणूस मारते.

या आठवड्यात एवढं कराच, ट्रेलर रात्रभर गरम शेडमध्ये ठेवा, सकाळी सगळ्या टाक्या कोरड्या करा, कार्ट्रिज शेवटचं कधी बदललं ते मालकांना विचारा आणि त्यांना माहीत नसेल तर बदलून टाका. आणि एक गोष्ट मला तुमच्या पत्रात खटकली, डावीकडचीच मागची चाकं. त्या रात्री डावी बाजू चिखल-बर्फात उभी होती असं असेल तर ठीक आहे, कारण मिळालं. पण कोरड्या रात्रीनंतरही तीच चाकं चिकटली तर बर्फाला दोष देऊ नका, तिथली रिटर्न स्प्रिंग सैल झाली असेल, कॅमचं बुश गंजून घट्ट झालं असेल किंवा रस्त्यावरच्या मिठाने शूवर गंज चढून लायनर वर उचलला गेला असेल. ते चाक खडूने खूण करून मेकॅनिकला दाखवा आणि ड्रम काढून बघायला सांगा, नुसतं खालून वाकून बघून "ठीक आहे" म्हणाला तर ऐकू नका.